शिंक्यावर राहिलेली बरणी

मी शिंकं. काथ्याचं, चार दोऱ्यांचं, खाली चुंबळीसारखी गोल बैठक असलेलं. आधी स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला वाशाला टांगलेला होतो, आता पडवीत आहे आणि माझ्यात लसणीच्या जुड्या ठेवतात. माझ्यासारख्याचं कुणी बसून ऐकावं असं काही नाही. पण एका सुनेची गोष्ट माझ्याजवळ राहून गेली आहे. ती सांगायची म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्मही काही मिरवण्यासारखा नाही. नारळावरून सोलून काढलेली सोडणं खाडीच्या कडेला चिखलात पुरून ठेवतात, चांगली कुजेपर्यंत. वर काढली की असा वास सुटतो की बायका नाकाला पदर लावूनच बडवायला बसतात. त्या वासातून मी आलो. हौसाबाईने ती सोडणं बडवली, काथ्या सोडवला, उन्हात घातला आणि तळहातांत घोळवून सुंभ वळलं. तिचा मुलगा सत्यवान पहिल्यांदा बोटीवर नोकरीला गेला, तेच ते वर्ष. मुलगा गेल्यावर हातांना काही काम हवं म्हणून तिने मला विणलं असावं. आमचा गाव आचऱ्याच्या बाजूचा, इथे ज्या घरचा पुरुष दर्यावर आहे त्या घरची बाई रिकामी बसलेली तुम्हाला दिसायची नाही.

माझं काम सगळ्यांना ठाऊक आहे. दूध, दही, उरलेला भात मांजरापासून वर ठेवायचा. पण चुलीशेजारी राहून मला एक गोष्ट समजली. माणसं मांजरापेक्षा माणसांपासूनच जास्त लपवतात. कुणी पाहुणा आला की घरची बाई आधी एकदा माझ्याकडे बघून घेते.

शेवंती या घरात सून म्हणून आली ती तळेऱ्याकडची. सातवी शिकलेली, नवऱ्याचं पत्र स्वतः वाचणारी. पण जीव फार घाबरा. दूध उतू गेलं तरी तिच्या छातीत धडधडायचं, आणि सासू नुसती खाकरली तरी आपलं काय चुकलं ते ती शोधायला लागायची. हौसाबाई वाईट नव्हती. आवाजाने मोठी होती एवढंच. सकाळी उठून बोटाने दातांना भाजक्या तंबाखूची मशेरी लावल्याशिवाय मात्र ती कुणाशी बोलायची नाही. मशेरीची पितळी डबी तिच्या कनवटीला कायम असायची. ती खोचून झाली की तिचा दिवस सुरू.

लक्ष्मी झाली आणि शेवंतीच्या घाबरेपणाला घर मिळालं. पोर तीन वर्षांची होती तेव्हा पावसाळ्याच्या शेवटी तिला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. आमच्याकडे सकाळी पेज म्हणजे सगळ्यांची सकाळ. लक्ष्मी पेजेची वाटी बघितली की तोंड फिरवायची. हात काड्यांसारखे झाले. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात जाईल ते घाला. काय जाईल ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

त्याच सुमारास सत्यवान रजेवर आला. मालाच्या बोटीवर भटारखान्यात तो मदतनीस होता. त्याने एक पत्र्याचा डबा आणला. आत ओट नावाचं धान्य, चेपून पोह्यांसारखं केलेलं. त्याने सांगितलं, पहाटेच्या पाळीचा एक साहेब संध्याकाळीच हे भिजत घालून ठेवतो आणि सकाळी तसंच गार खातो, चूल नको की विस्तव नको. शेवंतीला वाटलं शिजवून दिलं तर जास्त बरं. तिने टोप उचलला, तेवढ्यात हौसाबाई म्हणाली, "बोटीवरच्या भटारखान्यातला माज्या चुलीर चढूचा नाय. थंय काय काय शिजता तुका काय ठावक?"

मुलीला देऊ नको असं ती म्हणाली नाही, चुलीवर नको म्हणाली. पण त्याहून दुसरं वाक्य शेवंतीला लागलं. घरात भात पिकतो आणि नातीला कोंडा घालतेस, लोक काय म्हणतील, असं ती पाठ फिरवता फिरवता बोलली. त्या दिवसापासून त्या डब्याचं नाव घरात कोंडो पडलं आणि शेवंतीला त्याची लाज वाटायला लागली.

तरी तिने ते केलं. दिवेलागणीनंतर लोणच्याची रिकामी चिनी बरणी घ्यायची, त्यात ओट, वर बोटभर पाणी, मिठाचा कण, तोंडाला केळीचं पान बांधायचं आणि बरणी माझ्यात ठेवायची. पहिल्याच दिवशी तिने पाण्याऐवजी नारळाचा रस घातला. सकाळी सगळं आंबट झालेलं. ते तिने गुपचूप माडाच्या मुळाशी ओतलं. मग तिला उमगलं, संध्याकाळी नुसतं पाणी आणि सकाळी ताजा रस. सकाळी ती खोबरं खवायची, पिळायची, वर काकवी, असलं तर एखादं पिकलेलं केळं कुस्करून. लक्ष्मी ते खाऊ लागली. पोरीने घास घेतला की शेवंतीचंही तोंड उघडायचं, मी वरून बघायचो.

पण भरवताना ती मागचं दार लावून घ्यायची. शेजारची यशोदा परसातून विचारायची, काय भरवतंस गो. शेवंती आतून सांगायची, पेज. एवढंसं खोटं. पण ते बोलताना तिचे कान लाल व्हायचे, आणि मला वाटायचं, ज्याने पोर जगतं त्याची कसली लाज? आता कळतं, तेव्हा मला माणसांचं काहीच कळत नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या गावची पळण ठरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सबंध गाव घर सोडून हद्दीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. हिंदू जातात, मुसलमान जातात. तीन दिवस तीन रात्री व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे झावळांच्या खोपी बांधून राहायचं. त्या दिवसांत गाव देवाचा. कुणी पाऊल टाकायचं नाही. मग मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात, देव हो म्हणाला की सगळे परत.

निघायच्या दिवशी दुपारी शेवंतीने डबा झाडून बरणीत उरलेसुरले ओट भिजत घातले. तिचा विचार साधा होता. उद्या सकाळी खोपीत शंभर डोळ्यांसमोर हे करत बसायला नको, तयारच न्यावं आणि पोराला कोपऱ्यात भरवावं. बांधाबांध करणाऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून बरणी माझ्यात, वर सूप झाकलेलं. सगळ्यात शेवटी उतरवायची, पदराखाली घ्यायची आणि निघायचं.

शेवटी झालं ते असं. चूल विझवली, जमीन सारवली, हौसाबाई गुरं सोडायला गेली. शेवंती हात वर करणार इतक्यात यशोदा आणि आणखी दोघी थेट आत आल्या, चल गो, दिवस कललो. त्या तिथेच उभ्या राहिल्या. एकीने माझ्याकडे बघून हसत विचारलंही, सुपाखाली काय लपवलंय, नवऱ्याने धाडलेला खाऊ का? शेवंतीचा हात अर्ध्यावर होता. तिने तो खाली घेतला, केसावरून फिरवला आणि म्हणाली, काय नाय. लक्ष्मीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडली. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

रिकामा गाव कसा असतो ते माझ्यासारख्यालाच ठाऊक. कोंबडा नाही, घागरीचा आवाज नाही, कुणाचा खोकला नाही. चूल गार. दुसऱ्या दिवसापासून बरणी माझ्या पोटात बुडबुडायला लागली. पान फुगलं, कडेने आंबट पाणी पाझरून माझ्या दोऱ्यांत उतरलं. माझ्या जन्मापासून इतकी घाण मला कधी आली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कडी वाजली. शेवंती आत आली. डोक्यावरून पदर, पाय गुडघ्यापर्यंत खाडीकाठच्या खाजणाच्या काळ्या चिखलाने भरलेले. ती दारातच उभी राहिली आणि पुटपुटली, "देवा, चेडवासाठी, माज्या लक्ष्मीसाठी इलंय. माज्याकडे बगू नको."

दोन दिवस लक्ष्मीने खोपीत काही खाल्लं नव्हतं. पाणी प्यायची आणि मान टाकायची. शेवंतीने कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर कोंडो सांगावा लागला असता. थंडीचे दिवस आहेत, आंबलं नसेल, असं मनाशी घोकत ती आली होती. तिने बरणी उतरवली, पान सोडलं. वास सगळ्या घरभर झाला. तरी तिने बोट बुडवून जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं, जणू दुसऱ्यांदा गोड लागणार होतं. कितीतरी वेळ ती बरणी पोटाशी धरून तशीच बसली होती. नंतर ती उठली, बरणी परत माझ्यात ठेवली, पान नीट बांधलं आणि गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. भाकरी भाजता भाजता बाई एकटी असली की पुटपुटते, आणि सासूसुनेचं बोलणंही चुलीपुढेच होतं. त्यातून मला कळलं ते सांगतो.

शेवंती व्हाळ ओलांडून खोपीत आली तर लक्ष्मी खैरुन्निसाच्या मांडीवर. खैरुन्निसाचा नवरा कमरुद्दीन सत्यवानाच्याच बोटीवर होता, आणि तिची खोप शेजारीच होती. लक्ष्मीच्या हातात वाटी, तोंडाला पेज लागलेली, गालात खारवलेल्या कैरीची फोड. खैरुन्निसा सहज म्हणाली, "माज्या पोरांवांगडा बसयलंय. त्यांचा बघून खाल्ल्यान गो. आणि तू खंय गेल्लंस?"

 पोर खात होतं म्हणून शेवंतीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला आपण जमिनीत जावं असं झालं. देवाचा गाव मोडून ती गेली, आंबलेलं बोट चाटून आली, आणि इथे पोराला हवी होती फक्त चार पोरांची पंगत. दार लावून एकटीला भरवायची ती तीच होती.

हौसाबाईने सुनेचे पाय बघितले. तो काळा चिखल गावाकडच्या खाजणाचा, तो ओळखायला तिला कुणी सांगायला नको होतं. तिने तांब्या पुढे केला आणि फक्त म्हणाली, "पाय धुव."

चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी कौल लावला. देवाने दिला नाही. गाव आणखी बाहेर राहिला. थंडीने म्हातारी माणसं काकडली होती, तान्ही पोरं खोकत होती, गुरांची वैरण संपत आली होती. मग हद्दीवर राखणीला बसलेला बाबू सांगू लागला की तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई व्हाळ ओलांडून येताना त्याने लांबून बघितली, तोंड दिसलं नाही. बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. प्रत्येक सासू आपापल्या सुनेकडे बघायला लागली. मोठा मानकरी गंगाराम याने सगळ्यांना वडाखाली बोलावलं आणि विचारलं, गावात कोण गेलं होतं?

शेवंती उठली. दूध उतू गेलं तरी घाबरणारी ती, पण उठली एवढं खरं. शेजारी बसलेल्या हौसाबाईने तिचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि स्वतः उभी राहिली.

"मी गेल्लंय. मशेरीची डबी ऱ्हवली हुती."

 मग मागून एक जण हसला, मग सगळेच. गंगाराम हसला नाही. तो म्हणाला, "एका डबयेसाठी गाव भायर ठेवलंस, हौसाबाय?"

"होय."

"मग सोड ती. हयंच. देवाचा नाव घेवन."

डबी तर सगळे दिवस तिच्या कनवटीलाच होती. तिने ती काढली, वडाखाली देवाला ठेवलेल्या नारळाशेजारी ठेवली आणि हात जोडून मशेरी कायमची सोडली. दुसऱ्या दिवशी कौल मिळाला, गाव परत आला.

घरात शिरताच हौसाबाईने नाक वर केलं. सरळ माझ्यापाशी आली, बरणी उतरवली, परसात नेऊन ओतली, राखेने घासघास घासली. शेवंती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला सासूच्या पाया पडायचं होतं, पण सासू थांबेल तर ना. बरणी उन्हात पालथी घालून हौसाबाई आत आली आणि चूल पेटवायला बसली. 

त्या सकाळपासून मी जे बघितलं त्याची मला शेवंतीइतकीच लाज वाटते. हौसाबाई उठायची, सवयीने हात कनवटीला जायचा, रिकामा परत यायचा. ती भिंतीला टेकून तशीच बसून राहायची. दात दुखायचे, हिरड्या सुजायच्या, भाकरी चावायची नाही. घरात तंबाखू मिळत नव्हती असं नाही, कुणी बघायलाही नव्हतं. पण देवाला सांगितलं ते सांगितलं. आणि बाहेर गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, काय हौसाबाय, डबी खंय? तीही हसायची. शेवंती मात्र तेवढ्यात घागर घेऊन विहिरीकडे वळायची.

पुढच्या रजेत सत्यवानाने पुन्हा ओटचा डबा आणला. लक्ष्मीला आता तो नको होता, ती पेजेवर भुरके मारायची. शेवंतीने तीच बरणी घेतली आणि संध्याकाळी भिजत घातलं. सकाळी खोबऱ्याचा रस काढून, काकवी घालून वाटी सासूपुढे ठेवली आणि म्हणाली, मऊ आहे, चावायला लागायचं नाही. हौसाबाईने वाटीकडे बघितलं. कोंडो म्हणाली नाही. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मीठ वायच कमी." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बरणी माझ्यात यायची ती हौसाबाईसाठी. शेवंती ती ठेवताना वर बघायची नाही. चाचपून ठेवायची.

मग घरात जाळीचं कपाट आलं आणि मी पडवीत आलो. वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. इथे वारा आहे, मुंग्या आहेत, माझी एक दोरी विरली आहे. बरणी आता कपाटात असते.

यंदा पुन्हा पळण ठरली आहे. परवा संध्याकाळी पडवीत बायका जमल्या होत्या, काय न्यायचं काय ठेवायचं याच्या गप्पा. लक्ष्मी आता शाळेत जाते, जीभ चुरूचुरू चालते. सगळ्यांसमोर ती आजीला म्हणाली, "आजये, मशेरी आठवणीन घे हां. नायतर गाव परत भायर ऱ्हवात."

बायका पोट धरून हसल्या. यशोदाने डोळे पुसले. हौसाबाईही हसली, तिच्या तोंडात आता दात राहिले आहेत ते नावाला. लक्ष्मीला आपण किती छान बोललो असं झालं. आणि शेवंती माझ्याखाली बसून तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. मी अगदी वर होतो, म्हणून मला दिसलं की तिची मान किती खाली गेली.

बायका गेल्या, लक्ष्मी खेळायला पळाली. शेवंती म्हणाली, "आये, उद्या मी सगळ्यांका सांगतंय. माका आता सोसणा नाय. माजाच चेडू तुमका हसता."

 हौसाबाई म्हणाली, "हसांदेत गो. माज्यावर हसतत ते घराक जावन इसरतत. तुज्यावर हसले तर तू जल्मात इसरूची नाय. तुजो जीव माका ठावक आसा." मग तिने विचारलं, "बरणी भिजत घातलंस?"

शेवंती उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. तिने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगेल की नाही, मला माहीत नाही, आणि सांगितलं तर सासूने सोसलेलं सगळं फुकट जाईल, या भीतीने तिला झोप लागत नाही हे मात्र माहीत आहे.

मी काही दिवसांचा सोबती. एक दोरी गेली की लसणीसकट खाली येईन आणि चुलीत जाईन, काथ्या चांगला पेटतो. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कधी आमच्या गावात आलात, आणि कुणी तुम्हाला मशेरीच्या डबीसाठी गाव बाहेर ठेवणाऱ्या म्हातारीची गोष्ट रंगवून सांगायला लागलं, तर ऐका हवी तर. पण त्या पडवीत खाली मान घालून तांदूळ पाखडणारी एक बाई असेल. तिच्यासमोर हसू नका.